25 गिगाबिटच्या मॅनेज्ड स्विचवर पीएफसी चालू करूनही स्टोरेजची पॅकेट्स गळतात; चूक कुठे शोधावी?

रात्रपाळी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

पुण्यातील आमच्या कार्यालयाच्या एका लहान डेटा सेंटरची जबाबदारी माझ्याकडे आहे. व्हर्च्युअल मशीन चालवणारे सहा लिनक्स सर्व्हर आणि दोन स्टोरेज सर्व्हर अशी आठ यंत्रे आहेत. प्रत्येकात 25 गिगाबिटचे दोन पोर्टांचे नेटवर्क कार्ड असून त्याचे एक पोर्ट ‘अ’ स्विचला आणि दुसरे ‘ब’ स्विचला जोडलेले आहे. दोन्ही स्विच एकाच बनावटीचे व 48 पोर्टांचे आहेत आणि त्यांच्यामध्ये 100 गिगाबिटच्या दोन केबल्सचा दुवा आहे. स्टोरेजची वाहतूक एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स पद्धतीने (दूरच्या यंत्रातील एनव्हीएमई डिस्क नेटवर्कवरून वापरणे), रॉकी व्ही2 वरून (इथरनेटवरील आरडीएमए, म्हणजे कार्डांनी एकमेकांच्या यंत्राच्या मेमरीत थेट लिहिणे-वाचणे) चालते. त्याच पोर्टांवरून व्हर्च्युअल मशीनची नेहमीची वाहतूक आणि रात्री 11 वाजता सुरू होणारा बॅकअपही जातो. बॅकअपचा सर्व्हर जुना असून तो ‘ब’ स्विचला केवळ 10 गिगाबिटने जोडलेला आहे.

गेल्या महिन्यापर्यंत सर्व पोर्टांवर साधा फ्लो कंट्रोल, म्हणजे 802.3एक्सचा पॉज, चालू होता. बॅकअप सुरू झाला की काही मिनिटांतच स्टोरेजचा प्रतिसाद मंदावत असे आणि दोन वेळा तर एक सर्व्हर क्लस्टरमधून बाहेर फेकला गेला, कारण त्याचे हार्टबीट, म्हणजे ‘मी चालू आहे’ असे सांगणारे संदेश, वेळेत पोहोचलेच नाहीत. साधा पॉज संपूर्ण पोर्टच थांबवतो, त्यामुळे बॅकअपच्या गर्दीची शिक्षा स्टोरेजला आणि हार्टबीटलाही भोगावी लागते, हे वाचनातून लक्षात आल्यावर मी तो बंद केला आणि अग्रक्रमानुसार चालणारा फ्लो कंट्रोल, म्हणजे पीएफसी, सुरू केला. दोन्ही स्विचवर अग्रक्रम 3 साठी ‘नो-ड्रॉप’ (पॅकेट न गाळणारा) वर्ग तयार केला, डीएससीपी (पॅकेटच्या आयपी हेडरमधील वर्गाची खूण) 26 ची वाहतूक त्या वर्गात जाईल अशी जुळणी केली, आठही सर्व्हरच्या पोर्टांवर पीएफसी चालू केले आणि सर्व कार्डांवर ‘ट्रस्ट डीएससीपी’ ठेवून केवळ अग्रक्रम 3 साठी पीएफसी चालू केले.

आता सर्व्हर क्लस्टरबाहेर पडत नाहीत, हे खरे. परंतु रात्रीचे स्टोरेज पूर्वीपेक्षाही संथ झाले आहे. आगीतून फुफाट्यात, अशी अवस्था आहे. कार्डांवरील ‘आउट ऑफ सीक्वेन्स’ (क्रम तुटून आलेली पॅकेट्स) हा काउंटर दर रात्री हजारोंनी वाढतो आणि स्विचवर सर्व्हरकडे जाणाऱ्या पोर्टांवर गळती दिसते. विचित्र गोष्ट अशी की पीएफसीचे पाठवलेले आणि मिळालेले असे दोन्ही काउंटर प्रत्येक पोर्टावर शून्य आहेत. पॅकेट्स गळत असताना स्विच पॉज का पाठवत नाही? बफरमधील (पॅकेट्स तात्पुरती साठवण्याच्या जागेतील) हेडरूमची, म्हणजे पॉज पाठवल्यानंतरही येणाऱ्या माहितीसाठी राखलेल्या जागेची, मूल्ये मी कारखान्यातून आलेली तशीच ठेवली आहेत, ती बदलावीत का? आणखी एक प्रश्न आहे: एक स्टोरेज सर्व्हर 10 किलोमीटरवरील दुसऱ्या इमारतीत हलवावा, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे. हीच मांडणी तिथवर चालेल का?

तांब्याची_तार

गळती होत आहे आणि पीएफसीचे काउंटर शून्य आहेत, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या तर माझा पहिला तर्क असा की जी पॅकेट्स गळत आहेत ती अग्रक्रम 3 मध्ये नाहीतच. पीएफसी फक्त ज्या वर्गाला ‘नो-ड्रॉप’ म्हटले आहे त्याच्याच बफरकडे पाहते. बाकीच्या वर्गांत कितीही पाणी तुंबले तरी ते ढिम्म हलत नाही.

हेडरूमला इतक्यात हात लावू नका. आधी कोणत्याही एका स्टोरेज सर्व्हरवर ‘ईथटूल’च्या आकडेवारीत प्रत्येक अग्रक्रमाचे बाइट्स पाहा. बॅकअपपूर्वी आणि बॅकअप चालू असताना ‘टीएक्स प्रायो-0 बाइट्स’ आणि ‘टीएक्स प्रायो-3 बाइट्स’ हे दोन आकडे किती वाढले, तेवढेच येथे लिहा. एवढ्यावरून निम्मा उलगडा होईल.

दुसरे असे की ‘आठही सर्व्हरच्या पोर्टांवर’ पीएफसी चालू केले असे आपण लिहिले आहे, परंतु दोन स्विचमधल्या 100 गिगाबिटच्या दुव्याचा उल्लेख केलेला नाही. तिथेही केले आहे का?

पाटकरी

वरील सूचना योग्यच आहे, पण प्रश्नकर्त्यांनी हेडरूमविषयी आणि अंतराविषयी विचारले असल्याने थोडे विस्ताराने लिहितो. माझे बालपण कालव्याच्या पाण्यावरच्या गावात गेले असल्यामुळे मला हा विषय पाटाच्या पाण्यासारखाच दिसतो. 1997 चा 802.3एक्स पॉज म्हणजे मुख्य कालव्याचे दार पाडणे: एका शेतकऱ्याचे वाफे भरले म्हणून सगळ्या गावाचे पाणी बंद, वड्याचे तेल वांग्यावर. 2011 साली मंजूर झालेल्या 802.1क्यूबीबीने, म्हणजेच पीएफसीने, प्रत्येक चारीला स्वतंत्र दार दिले. अशी आठ दारे आहेत, आठ अग्रक्रमांची.

दार पाडण्याचा निरोप ज्या फ्रेममधून जातो ती जेमतेम 64 बाइट्सची असते. तिच्यात आठ वर्गांपैकी कोणते थांबवायचे याचा एक नकाशा आणि प्रत्येक वर्गासाठी 16 बिटांचा स्वतंत्र कालावधी असतो. कालावधीचे एकक 512 बिट पाठवायला लागणारा वेळ हे आहे. म्हणजे 25 गिगाबिटवर सुमारे 20.5 नॅनोसेकंद. त्यामुळे एका फ्रेमने जास्तीत जास्त 65,535 एकके, म्हणजे सुमारे 1.34 मिलिसेकंद थांबवता येते, आणि गर्दी कायम असेल तर मुदत संपण्यापूर्वी नवी फ्रेम पाठवावी लागते. दोन बारकावे अनेकांच्या नजरेतून सुटतात. ही फ्रेम केवळ शेजारच्या यंत्रापर्यंत जाते, कोणताही स्विच ती पुढे ढकलत नाही. आणि तिच्यावर व्हीलॅनचा (आभासी नेटवर्कचा) टॅग नसतो. म्हणून अग्रक्रम 3 थांबवायचा म्हणजे नेमके काय थांबवायचे, याचा अर्थ दुव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच लावलेला असावा लागतो. एका टोकाने डीएससीपी पाहून वर्ग ठरवला आणि दुसऱ्याने व्हीलॅन टॅगमधील तीन बिट पाहून ठरवला, तर निरोप पोहोचतो खरा, पण भलतीच चारी बंद होते.

आता हेडरूम. निरोप पाठवला त्या क्षणी पाणी थांबत नाही. आपल्या बाजूने एखादी मोठी फ्रेम आधीच तारेवर चढलेली असेल तर निरोपाला तिच्यामागे थांबावे लागते. मग तो केबलमधून जातो, समोरच्या कार्डाला तो समजून घ्यायला थोडा वेळ लागतो, त्या कार्डाने नुकतीच सुरू केलेली फ्रेम ते पूर्ण करते आणि तारेत असलेले बिट आपल्याकडे येतच राहतात. या सगळ्यासाठी राखून ठेवलेली जागा म्हणजे हेडरूम. आपल्या मांडणीत हिशेब असा होईल: अडथळा ठरणारी फ्रेम कोणत्याही वर्गाची असू शकते, म्हणून बॅकअपला जंबो फ्रेम दिली असेल तर 9,216 बाइट्स धरा, समोरून येणारी फ्रेम रॉकीची असल्याने आणि रॉकीचा पेलोड एका पॅकेटमध्ये 4,096 बाइट्सच्या पुढे जात नसल्याने सुमारे 4,200 बाइट्स धरा, केबल 3 मीटरची असेल तर जाऊन-येऊन 30 नॅनोसेकंद, म्हणजे 25 गिगाबिटवर 100 बाइट्सही नाहीत, शिवाय समोरच्या यंत्राच्या उत्तरवेळेसाठी काही किलोबाइट. एकाच रॅकमधील केबल्ससाठी कारखान्याची मूल्ये बहुधा पुरेशी असतात, असा माझा अनुभव आहे.

10 किलोमीटरवर मात्र सगळे चित्र पालटते. प्रकाशाला काचेच्या तंतूतून किलोमीटरला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात. जाऊन-येऊन 100 मायक्रोसेकंद झाले. 100 गिगाबिटच्या दुव्यावर तेवढ्या वेळात 1 कोटी बिट, म्हणजे 1.25 मेगाबाइट माहिती येऊन धडकते, आणि ही राखीव जागा फक्त एका पोर्टाच्या एका वर्गासाठी झाली. डेटा सेंटरमधील रॅकच्या माथ्यावर बसणाऱ्या अनेक स्विचमध्ये सर्व पोर्टांना मिळून 12, 16 किंवा 32 मेगाबाइट बफर असतो. तेव्हा तिथे 25 गिगाबिटवर भागवा, जास्त बफरचा स्विच घ्या किंवा त्या दुव्यावर ‘नो-ड्रॉप’चा हट्ट सोडून स्टोरेजची प्रत दुसऱ्या मार्गाने पाठवा. मी तिसरा पर्याय निवडेन.

रात्रपाळी

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री 10:50 आणि 11:30 या वेळांचे आकडे घेतले. पहिल्या स्टोरेज सर्व्हरवर ‘टीएक्स प्रायो-0 बाइट्स’ अनेक टेराबाइट्सनी वाढले आणि ‘टीएक्स प्रायो-3 बाइट्स’ पूर्ण शून्य! दुसऱ्या स्टोरेज सर्व्हरवरही तेच. म्हणजे महिनाभर मी एका रिकाम्या चारीवर दार बसवून पाण्याची वाट पाहत होतो.

स्विचमधल्या दुव्यावरही पीएफसी नव्हते, हेही कबूल करतो. त्या पोर्टांचा गट मी वेगळा केला होता आणि बदलांची यादी त्यांना लागू करायची राहून गेली.

परंतु एक गोष्ट अजून कळत नाही. कार्डावर ‘ट्रस्ट डीएससीपी’ आहे आणि स्विचवर 26 ची जुळणी आहे, तर मग वाहतूक अग्रक्रम 0 मध्ये का जाते? शिवाय बॅकअप ‘ब’ स्विचच्या एकाच पोर्टाकडे जातो. तेथील गर्दीमुळे दुसऱ्या पोर्टांवरील स्टोरेजची पॅकेट्स का गळावीत?

तांब्याची_तार

‘ट्रस्ट डीएससीपी’चा अर्थ पॅकेटवर जी खूण असेल ती मानणे एवढाच आहे, खूण करण्याचे काम ते करत नाही. लिनक्सवर आरडीएमएचे कनेक्शन उघडताना टीओएसचे (आयपी हेडरमधील ज्या बाइटमध्ये डीएससीपी बसतो त्याचे) मूल्य सांगितले नाही तर बहुधा ते शून्य राहते आणि डीएससीपीही शून्यच जातो. पहारेकऱ्याला ओळखपत्र पाहूनच आत सोडायला सांगितले, पण ओळखपत्रे वाटलीच नाहीत, असा हा प्रकार झाला.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. कार्डासोबतच्या साधनांमध्ये ‘सीएमए-रॉकी-टॉस’ नावाची आज्ञा असते, तिने त्या उपकरणासाठी टीओएस 106 द्या. हा आकडा कुठून आला हेही पाहून ठेवा: डीएससीपी हा टीओएसच्या वरच्या सहा बिटांत बसतो, म्हणून 26 गुणिले 4 म्हणजे 104, आणि खालच्या दोन बिटांत ‘मला ईसीएन (पॅकेटवरील गर्दीची खूण) समजते’ हे सांगणारा 2, बेरीज 106. शिवाय ‘एनव्हीएमई कनेक्ट’ या आज्ञेलाच टीओएसचा पर्याय देता येतो, तोही द्या. हे सहा सर्व्हरवर करून थांबू नका. वाचनाच्या वेळी मोठा डेटा स्टोरेज सर्व्हरकडून येतो, म्हणून त्यांच्याकडची खूण अधिक महत्त्वाची आहे. बदलानंतर जुनी कनेक्शन तोडून नव्याने जोडावी लागतील. चालू कनेक्शन जुन्याच टीओएसवर राहतात. आणि ही मूल्ये यंत्र पुन्हा सुरू झाले की पुसली जातात, पीएफसीची कार्डावरील मांडणीही तशीच. म्हणून दोन्ही गोष्टी सिस्टम-डीच्या (यंत्र सुरू होताना लिनक्सवरील सेवा चालू करणाऱ्या प्रणालीच्या) एका सेवेत घालून ठेवा. मी हे एकदा विसरलो होतो आणि सहा महिन्यांनी वीज गेल्यावर मला त्याची आठवण झाली.

पडताळणीसाठी सर्व्हरवर ‘टीसीपी-डम्प’ लावून उपयोग होत नाही, कारण आरडीएमएची पॅकेट्स कर्नलच्या नेटवर्क स्तराला वळसा घालून जातात. स्विचवर त्या पोर्टाची प्रत दुसऱ्या पोर्टाला काढा, म्हणजे पोर्ट मिररिंग करा, आणि यूडीपी 4791 ची पॅकेट्स उघडून डीएससीपी पाहा.

आता दुसरा प्रश्न. बॅकअप चालतो तेव्हा सहाही सर्व्हर स्टोरेजमधून जोराने वाचत असतात. दोन स्टोरेज सर्व्हर एकाच वेळी एका सर्व्हरला उत्तर देऊ लागले की 25 गिगाबिटच्या दारावर 50 गिगाबिट येऊन आदळतात, आणि तो क्षणिक लोंढा स्विचच्या बफरनेच झेलायचा असतो. पण बफर सर्व पोर्टांचा सामाईक असतो. एका रांगेला किती जागा मिळेल याची मर्यादा बहुतेक स्विच ‘शिल्लक जागेचा अमुक पट’ अशी बदलती ठेवतात. बॅकअपच्या 10 गिगाबिटच्या पोर्टासमोर टीसीपीची रांग फुगली की शिल्लक जागा कमी होते आणि त्याबरोबर इतर सगळ्या पोर्टांची मर्यादाही खाली येते. म्हणून एका कोपऱ्यातल्या गर्दीचा भार दूरच्या पोर्टावर पडतो. पूर्वी साधा पॉज असल्याने पॅकेट्स थांबत होती, पण गळत नव्हती; तो काढल्यावर गळू लागली. आणि रॉकीमध्ये एक पॅकेट गळले की बरीच कार्डे त्या पॅकेटपासून पुढचे सगळे पुन्हा पाठवतात, त्यामुळे थोड्या गळतीचाही वेगावर फार मोठा परिणाम होतो. ‘पूर्वीपेक्षाही संथ’ हे आपले निरीक्षण म्हणूनच अचूक आहे.

रात्रपाळी

शनिवारी देखभालीच्या वेळेत सर्व बदल केले: आठही यंत्रांवर टीओएस 106, सिस्टम-डीची सेवा, दुव्याच्या चारही पोर्टांवर पीएफसी आणि तीच डीएससीपीची जुळणी. मिररिंग करून पाहिले, 4791 च्या पॅकेट्सवर 26 ची खूण आहे. ‘प्रायो-3 बाइट्स’ आता भराभर वाढतात आणि ‘नो-ड्रॉप’ वर्गातील गळती तीन रात्री शून्य आहे.

मात्र आता पीएफसीचे काउंटर लाखांनी वाढत आहेत. स्टोरेज सर्व्हरच्या पोर्टांवर स्विच पॉज पाठवतो, हे समजू शकते. पण चौथ्या क्रमांकाच्या सर्व्हरचे कार्ड स्वतःच स्विचला पॉज पाठवते, बाकी पाच सर्व्हर तसे करत नाहीत. आणि तो सर्व्हर कामात असला की दोन स्विचमधल्या दुव्यावरही पॉज दिसतात व इतर सर्व्हरांचे वाचनही मंदावते. हे सामान्य समजायचे का?

धारानियंत्रक

नाही, हे सामान्य नाही. स्विचने पॉज पाठवणे हे गर्दीचे लक्षण आहे. सर्व्हरच्या कार्डाने पॉज पाठवणे म्हणजे ‘मी माझ्याच यंत्रात माहिती उतरवून घेऊ शकत नाही’ अशी कबुली आहे. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी आपल्या डेटा सेंटरमधील आरडीएमएविषयी 2016 च्या सिगकॉम परिषदेत जो शोधनिबंध मांडला, त्यात अशा मंदपणे माहिती घेणाऱ्या यंत्राचे आणि बिघडलेल्या कार्डाने अखंड पॉज पाठवत राहिल्यामुळे उठणाऱ्या वादळाचे सविस्तर वर्णन आहे. एक मंद सर्व्हर आपल्या पोर्टावर स्विचला थांबवतो, मग तो स्विच मागच्या स्विचला थांबवतो आणि अखेर स्टोरेज सर्व्हर थांबतो. ज्यांचा त्या सर्व्हरशी काहीही संबंध नाही तेही त्याच वर्गात असल्याने अडकतात. पाटकरींच्या भाषेत, दार चारीचेच पडते, पण त्या चारीवर अवलंबून असलेले सगळेच कोरडे राहतात. पीएफसीमुळे वर्गावर्गांतील भांडण मिटते. एकाच वर्गाच्या आतले मिटत नाही.

चौथ्या सर्व्हरवर ‘एलएसपीसीआय’ (यंत्रातील पीसीआय कार्डे दाखवणारी आज्ञा) हिच्या तपशीलवार माहितीत कार्डाच्या ‘लिंक स्टेटस’ची ओळ पाहा. दोन पोर्टांच्या 25 गिगाबिट कार्डाला पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीच्या आठ लेन लागतात. तिथे चारच लेन दिसल्या तर हाती सुमारे 31.5 गिगाबिट येतात, तेही प्रोटोकॉलचा खर्च वजा होण्यापूर्वी. दोन्ही पोर्ट एकदम भरले की कार्डाला पॉज पाठवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

त्याशिवाय ईसीएन चालू करा. माझ्या मते ईसीएनशिवाय पीएफसी म्हणजे वेग आवरण्याची काहीही सोय न ठेवता फक्त हँडब्रेकवर गाडी चालवणे आहे. अग्रक्रम 3 च्या रांगेवर डब्ल्यूआरईडीचा (रांग पूर्ण भरण्यापूर्वीच काही पॅकेट्स टाकणाऱ्या पद्धतीचा) ईसीएन प्रकार लावला की रांग एका मर्यादेपलीकडे वाढताच स्विच पॅकेट टाकून न देता त्यावर गर्दीची खूण करतो. घेणारे कार्ड ती पाहून पाठवणाऱ्याला सूचना-पॅकेट पाठवते आणि पाठवणारा आपला वेग कमी करतो. ही सूचना-पॅकेट्स डीएससीपी 48 वर, अग्रक्रम 6 च्या कडक प्राधान्याच्या रांगेतून जाऊ द्या. ती स्वतःच गर्दीत अडकली तर सगळेच व्यर्थ. मर्यादा ठरवताना एक भान ठेवावे: ईसीएन बाहेर पडणारी रांग मोजते, तर पीएफसी आत येणाऱ्या पोर्टाच्या नावावर किती बफर चढला ते मोजते. अनेक पोर्टांतून एका पोर्टाकडे लोंढा येतो तेव्हा बाहेरची रांग आधी फुगते आणि ईसीएन आपोआप आधी जागे होते. एकास एक प्रवाहात मात्र दोन्ही आकडे बरोबरीने चढतात, म्हणून ईसीएनची खालची मर्यादा पॉजच्या मर्यादेपेक्षा पुरेशी कमी ठेवावी लागते.

स्विचवर पीएफसीचा वॉचडॉग असेल तर तोही लावा. एखादी रांग, उदाहरणार्थ, 200 मिलिसेकंद सलग पॉजमुळे अडकून राहिली तर तो त्या रांगेतील पॅकेट्स टाकून देऊन बाकीच्यांची सुटका करतो. ‘नो-ड्रॉप’ वर्गात पॅकेट्स टाकायची कल्पना अनेकांना रुचत नाही. मला संपूर्ण क्लस्टर गोठण्यापेक्षा ती परवडते.

खिडकीपाशी

माझे मत थोडे वेगळे आहे, तेही नोंदवतो. आठ यंत्रांच्या मांडणीसाठी एवढा खटाटोप आवश्यक आहे का? लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये 2019 च्या 5.0 या आवृत्तीपासून एनव्हीएमई ओव्हर टीसीपी उपलब्ध आहे. त्याला पीएफसी लागत नाही, हेडरूमचा हिशेब लागत नाही आणि 10 किलोमीटरचा प्रश्नही बराच सौम्य होतो, कारण टीसीपी फक्त गळालेले पॅकेटच पुन्हा पाठवते. प्रतिसादाला काही मायक्रोसेकंद जास्त लागतात आणि सर्व्हरच्या प्रोसेसरवर भार वाढतो, हे मान्य. परंतु ज्या संस्थेत नेटवर्क पाहणारा माणूस एकच आहे, तिथे तो माणूस रजेवर गेल्यावर ही मांडणी कोण सांभाळणार?

पाटकरी

प्रश्न रास्त आहे, आणि 10 किलोमीटरच्या दुव्यासाठी मी तोच मार्ग सुचवेन. पण मांडणी उभी झालेली असताना आणि गळती थांबलेली असताना रॅकमधले रॉकी काढून टाकायचे कारण मला दिसत नाही.

तांब्याची_तार यांनी सांगितलेल्या मांडणीत एक भर घालतो. आपल्या स्विचवर डीसीबीएक्स (अशी मांडणी शेजारच्या यंत्राला कळवण्याची पद्धत) चालू असेल तर तो एलएलडीपीतून (शेजाऱ्यांना स्वतःची ओळख देणाऱ्या प्रोटोकॉलमधून) आपली पीएफसीची मांडणी कार्डाला कळवतो आणि कार्ड ‘विलिंग’, म्हणजे ऐकायला तयार, असेल तर ती निमूटपणे स्वीकारते. यात गोंधळ असा होतो की काही कार्डांच्या फर्मवेअरमध्ये स्वतंत्र एलएलडीपी असते आणि लिनक्सवरही त्यासाठी दुसरा प्रोग्रॅम चालू असतो. दोघेही बोलू लागले की स्विचला एकाच पोर्टावर दोन शेजारी दिसतात. आठ यंत्रांसाठी डीसीबीएक्सची सुविधा न घेता दोन्ही टोकांना हाताने मूल्ये लिहिणे मला अधिक भरवशाचे वाटते. 802.1क्यूएझेडमधील ईटीएसने (वर्गांना बँडविड्थचा वाटा देणाऱ्या पद्धतीने) अग्रक्रम 3 ला 50 टक्के वाटा द्यावा. तो वाटा किमान हमी असतो, कमाल मर्यादा नाही, त्यामुळे बॅकअप नसताना स्टोरेजला संपूर्ण पोर्ट मिळू शकते. ‘नो-ड्रॉप’ वर्ग मात्र एकच ठेवा. हार्टबीटलाही ‘नो-ड्रॉप’ करण्याचा मोह होतो. त्याला कडक प्राधान्य पुरते आणि प्रत्येक नवा ‘नो-ड्रॉप’ वर्ग सर्व पोर्टांवर हेडरूम अडवून बसतो.

रात्रपाळी

धारानियंत्रक यांचे निदान तंतोतंत बरोबर निघाले. चौथ्या सर्व्हरमध्ये कार्ड ज्या रायझरवर (कार्ड बसवण्याच्या जोडपट्टीवर) बसवले होते तिथे चारच लेन मिळत होत्या. शेजारच्या खाचेत हलवल्यावर आठ दिसू लागल्या आणि त्या कार्डाचे पॉज पाठवणे थांबले. दोन स्विचमधल्या दुव्यावरचे पॉजही जवळजवळ नाहीसे झाले आहेत. त्यानंतर ईसीएन लावले, सूचना-पॅकेट्ससाठी अग्रक्रम 6 ची रांग दिली, डीसीबीएक्स बंद केले आणि वॉचडॉग 200 मिलिसेकंदांवर ठेवला. तो आतापर्यंत एकदाही जागा झालेला नाही. बॅकअपच्या काळात स्टोरेज सर्व्हरच्या पोर्टांवर अजूनही पॉज येतात, पण पूर्वी लाखांत असणारा आकडा आता रात्रीला काही शेकड्यांत आहे.

खिडकीपाशी यांचा मुद्दा मी व्यवस्थापनापुढे ठेवला. दुसऱ्या इमारतीकडचे स्टोरेज टीसीपीवरून जोडायचे ठरले आहे आणि बॅकअप सर्व्हरला 25 गिगाबिटचे कार्ड मंजूर झाले आहे. कार्ड यायला तीन आठवडे लागतील. तोवर त्याच्या 10 गिगाबिटच्या पोर्टाकडे जाणाऱ्या रांगेची कमाल मर्यादा हाताने कमी केली आहे, म्हणजे तिला सामाईक बफर खाता येणार नाही. बॅकअप पूर्वीपेक्षा वीस मिनिटे उशिरा संपतो, आणि त्याची तक्रार अजून कोणी केलेली नाही.